सात मोऱ्या

व्हर्ना ब्रँडवोल्डनं एमिल शात्झच्या तोफेत फावडं घातलं तेव्हा मी नेमका रस्त्यावर होतो, म्हणून पुढचं सगळं माझ्या गळ्यात पडलं. पाच मिनिटं उशिरा निघालो असतो तर ही गोष्ट दुसऱ्या कुणीतरी सांगितली असती, आणि कदाचित स्वतःला जरा चांगलं दाखवून सांगितली असती.

सप्टेंबरचा दुसरा आठवडा होता. सूर्यफुलांनी माना टाकल्या होत्या, दाणा भरला होता, पानं करपायला लागली होती. आमच्या डाकोटात ह्याच दिवसांत दलदलीच्या लव्हाळ्यातून काळी पाखरं उठतात. खांद्यावर लाल ठिपका असलेली, हजारांनी. एकदा रानात बसली की दुपारपर्यंत कडेच्या ओळींची नुसती टरफलं उरतात. म्हणून एमिलनं पाखरं उठवायला नुसता आवाज करणारी गॅसची तोफ लावली होती. एक बाटली, एक नळी, लांब पत्र्याचं तोंड आणि एक घड्याळ. ते घड्याळ मुद्दाम वेडंवाकडं लावलेलं असतं. एक बार चार मिनिटांनी, पुढचा अकरा मिनिटांनी. ठरावीक वेळेला बार झाला की पाखरं सरावतात, घाबरत नाहीत. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत हे चालायचं.

तोफेपासून अर्ध्या मैलावर व्हर्नाचं घर आणि त्या घरात तिचा मुलगा कर्टिस. तो इराकातून येऊन दोन वर्षं झाली होती. तिथं तो रस्ते तपासणाऱ्या पलटणीत होता. मागच्या गाड्या येण्याआधी रस्त्यात पुरलेले बॉम्ब शोधायचे, हे त्याचं काम.

"बंद कर ती! बंद कर म्हंते ना!" व्हर्ना ओरडत होती. एका पायात रबरी बूट, दुसऱ्या पायात घरातली सपात. तशीच रान तुडवत आली होती.

एमिल पिकअपमधून उतरला. त्याचे दोन्ही कान जवळजवळ गेलेले, त्यामुळे तो साधी चौकशी करतो तीसुद्धा भांडण वाटते. "व्हर्ना, फावडं खाली ठेव! तोफेनं काय घोडं मारलंय तुझं?"

"माझं पोरगं सकाळधरनं पलंगाखाली बसलंय! एकोणतीस वर्सांचा बाप्या! आणि तुला फुलांची पडलीया!"

"काय?"

"फुलांची पडलीया म्हंते तुला!"

"मग कुणाची पडावी? पाखरं माझ्या रानात बसत्यात, तुझ्या चुलीवर न्हाई बसत!"

ज्याचं जळतं त्याला कळतं, आणि इथं तर दोघांचंही जळत होतं. मी मधे पडलो. मी अर्विड ट्वेट, गावातल्या माजी सैनिकांच्या हॉलचा प्रमुख. माझ्या आधी माझे वडील प्रमुख होते. हॉलात ऐंशी खुर्च्या आहेत आणि माणसं सात.

"एमिल," मी त्याच्या कानाशी ओरडलो, "तोफ बंद कर. तुझ्या रानाची राखण आम्ही करतो. हॉलातली माणसं. पाळ्या लावून."

एमिलनं माझ्याकडं बघितलं. "हॉलातली? माझ्या रानात?" त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. "चाळीस वर्सांत तुमच्या हॉलवाल्यांस्नी माझ्या रानाची वाट गावली न्हाई. आता व्हर्नाच्या पोरासाठनं गावली व्हय?"

त्याला काय म्हणायचं होतं ते मला पुरतं ठाऊक होतं.

एमिल व्हिएतनाममध्ये मोठ्या तोफांवर होता. कान तिथंच गेले. मीही तिथंच होतो, पण ट्रक चालवायला. एकोणीसशे सत्तरच्या वसंतात तो पहिल्यांदा हॉलात आला. लेफ्से, म्हणजे बटाट्याच्या पोळ्या, आणि कॉफीचा कार्यक्रम होता. आतल्या खोलीत कुणाच्या तरी हातून पत्र्याचं मोठं ताट पडलं आणि एमिल टेबलाखाली गेला, डोकं हातांत धरून. हॉलात तेव्हा सगळी माझ्या वडलांच्या युद्धातली, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली माणसं. त्यातला एक म्हणाला, "आमचं युद्ध ह्याच्याहून मोठं होतं बाबा, आम्ही काय टेबलं शोधली न्हाईत." सगळे हसले. मीही हसलो. महिन्यापूर्वी इथंच गावात ट्रकचा टायर फुटला तेव्हा मी स्वतः गटारात उडी मारली होती, तरी हसलो. एमिल टेबलाखालून निघाला, गुडघे झटकले आणि बाहेर गेला तो गेलाच.

त्यानं गॅसची चावी फिरवली. "हार्वेस्टर लागंस्तवर बंद ठेवतो," तो म्हणाला. "पाखरं बसली तर परत लावीन. सांगून ठेवतो."

हॉलात मी पाळ्यांचा कागद लावला तेव्हा एकानंही सबब सांगितली नाही. ह्याचं कारण वेंडेल. सहा वर्षांपूर्वी आमच्यातला वेंडेल असाच बोलायचा बंद झाला होता. आम्ही शहाणे म्हणालो, त्याला त्रास देऊ नका, त्याला निवांत राहू द्या. एप्रिलात त्यानं स्वतःला संपवलं. तेव्हापासून निवांत हा शब्द हॉलात कुणी काढत नाही. व्हर्नानं कर्टिसच्या शिकारीच्या बंदुका ऑगस्टातच माझ्या तळघरात आणून ठेवल्या होत्या. किल्ली माझ्या गळ्यात असायची.

तर सात म्हातारे राखणीला लागले. कुणाचा गुडघा बदललेला, कुणाच्या छातीत यंत्र. खताच्या रिकाम्या पोत्यांचे झेंडे केले, एक कुत्रं घेतलं आणि बांधावर घडीच्या खुर्च्या मांडल्या. शाळेची बस चालवणारा गॉर्डन आमच्यात सगळ्यात तरुण, म्हणजे पंचावन्नचा. त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं, "हॉर्न वाजवायचा का?"

"न्हाई."

"ओरडायचं?"

"आजिबात न्हाई. त्या पोराच्या कानावर काही पडायला नको."

"मग पाखरांस्नी काय अर्ज लिहून द्यायचा?"

वारा उत्तरेकडून सुटलेला. शेजारच्या रानात सोयाबीनची काढणी चालू होती, धुराळा नाकातोंडात जायचा. आम्ही झेंडे हलवत ओळी तुडवायचो. पाखरं पूर्वेकडून उठायची आणि पश्चिमेला बसायची. तरी बरीचशी उठली. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, गावातल्या म्हाताऱ्यांना एकदम वेड लागलं.

माझी पाळी दहाला. त्याआधी रोज सकाळी मी व्हर्नाकडं जायचो, कारण सकाळी मोऱ्या असायच्या.

व्हर्नाच्या घरापासून टपालाच्या पेटीपर्यंत सव्वा मैल खडीचा रस्ता आहे. त्या रस्त्याखालून पाणी जायला सात मोऱ्या. कर्टिस रोज सकाळी साती मोऱ्या तपासायचा. प्रत्येक मोरीशी उताराला उतरायचा, गुडघे टेकायचा, आत बॅटरी मारायचा, मग पलीकडच्या तोंडाशी जाऊन पुन्हा तेच. सातवी झाल्याशिवाय आईला गाडी काढू द्यायचा नाही. सहाव्या-सातव्या मोरीच्या पलीकडं एमिलचं फाटक आणि मग पेटी.

"त्याला सांग की रे अर्विड, तिथं काय नसतंय म्हणून," व्हर्ना म्हणायची.

"मी न्हाई सांगणार. मी त्याच्यासंगं बघतो."

आणि मी जायचो. ह्यात माझा मला मोठा अभिमान होता. सांगणारे पुष्कळ असतात, बरोबर जाणारा एखादाच, असं मी हॉलात बोलूनही दाखवलं होतं. एका तोंडाशी तो, दुसऱ्या तोंडाशी मी. "मोकळी," मी ओरडायचो. तो मान हलवायचा.

तोफ बंद झाल्याच्या चौथ्या दिवशी गेलो तर कर्टिस पायरीवर बसलेला, डोळे लाल, अंगावर कालचाच शर्ट. व्हर्ना आतून म्हणाली, "तीन राती डोळ्याला डोळा न्हाई त्याच्या. तोफ बंद हाय तरी!"

"काका," कर्टिस म्हणाला, "बार का थांबलं?"

"तुझ्यासाठनंच थांबवलं. आम्ही सगळी राखण करतोय तिथं."

तो हसला, पण ते हसणं मला ऐकवलं नाही. "बार झाला की कळतंय, झाला बाबा. मग जरा श्वास घेता येतोय. आता चार दिवस मी त्या बाराची वाट बघतोय. कान लावून. तो होतच न्हाई."

सात माणसं चार दिवस धूळ खात होती आणि पोराचा गळा आवळत होती. वेंडेलला निवांत ठेवलं तेच पुन्हा, फक्त ह्या वेळी झेंडे घेऊन.

"चल," मी म्हणालो.

"कुटं?"

"एमिलकडं. मोऱ्या बघतच जाऊ."

एमिल पंपाच्या खोलीशी बसला होता. मी त्याला सगळं ओरडून सांगितलं. तो माझ्या तोंडाकडं बघत ऐकत होता, म्हणजे ओठ वाचत होता. मी थांबलो, आणि का कोण जाणे, आत चाळीस वर्षं अडकलेलं तोंडाशी आलं.

"एमिल, त्या दिवशी हॉलात मी पण हसलो होतो. माझं चुकलं."

"काय?"

"माझं चुकलं!"

"आँ?"

बांधावरचे सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी छाती फुटेस्तोवर ओरडलो, "एमिल शात्झ, त्या दिवशी मी हसलो! मला माफ कर!"

एमिलनं टोपी मागं सारली. "पहिल्याच बारीला ऐकलं होतं," तो म्हणाला. "पण चाळीस वर्सांनी म्हणतोयस, तर म्हटलं घे म्हणून दोन-तीनदा."

गॉर्डन फिसकन हसला. एमिलही हसला असावा, त्याच्या मिशीवरून नीट कळत नाही. मग तो उठला, कर्टिसला हाताला धरून तोफेपाशी नेलं आणि पान्यानं ते घड्याळ काढून गवतात टाकलं. त्या जागी हाताचा खटका जोडला.

"हे बघ पोरा. आमी तोफेवर असताना बार कुणाच्या अंगावर येऊ देत नव्हतो. आधी आरोळी. मग समद्यांनी तोंड उघडं ठेवायचं, कानाचं पडदं वाचत्यात."

"तुमचं न्हाई वाचलं," कर्टिस म्हणाला. दोन महिन्यांत त्यानं कुणाची केलेली ही पहिली थट्टा.

"काय?"

"काही न्हाई."

"खटका तू ओढायचा. तुझं तू ठरवायचं. ओढायचा नसंल तर नको ओढूस, पाखरं खाऊन खाऊन किती खातील? पण आरोळी आधी. आणि मला ऐकू येत न्हाई, म्हणून माझं मनगट दाबायचं."

कर्टिस बराच वेळ खटक्यावर हात ठेवून उभा राहिला. त्याच्या कपाळावरून घाम गळत होता, वारा असा गार असताना. मग त्यानं एमिलचं मनगट दाबलं आणि ओरडला, "बाऽऽर!" बांधावरच्या म्हाताऱ्यांनी तोंडं उघडली. बार झाला. पश्चिमेकडची सगळी पाखरं उठली. कर्टिस खाली बसला, पण पळाला नाही. एमिल त्याच्या शेजारी गवतात बसला.

त्यानंतर काढणीपर्यंत आमच्या भागात आधी आरोळी ऐकू यायची आणि मग बार. रस्त्यानं जाणारे लोकही तोंड उघडायला लागले. व्हर्ना म्हणायची, मी कणीक मळताना आऽ करून उभी असते, कुणी बघितलं तर काय म्हणेल. पाखरांनी कडेच्या ओळी खाल्ल्या त्या खाल्ल्याच. एमिल त्यावर एक शब्द बोलला नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी हार्वेस्टर फिरला, तोफ कोठारात गेली. मला वाटलं, झालं, पोरगं सुटलं. तसं नसतं. दुखणं हत्तीच्या पायानं येतं आणि मुंगीच्या पायानं जातं. मोऱ्या चालूच होत्या.

एका सकाळी सहाव्या मोरीशी मी नेहमीसारखा ओरडलो, "मोकळी!"

कर्टिस माझ्या बाजूला आला. "काका, तुम्ही वाकत न्हाई."

"गुडघं, बाबा. वरनं दिसतंय की."

तो रस्त्यावरच बसला. "तिथं एक मोरी होती. लई ऊन होतं. मी वरनं बघितलं आणि मोकळी म्हणून सांगितलं." तो खडीचे दगड एकेक करून उचलत होता. "म्याच सांगितलं, काका. मागच्या गाडीत तिघं होतं. माझ्या शब्दावर आलं ती."

दोन महिने मी त्याच्यासमोर रोज उभा राहून, वरून बघून, मोकळी म्हणत होतो. त्याला ते पहिल्या दिवसापासून दिसत असणार. तो बोलला नाही, माझं मन राखलं त्यानं. मला तिथंच रस्त्यावर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या आठवड्यात त्यानं सांगितलं, "ह्या शेवटच्या दोन मी आता बघणार न्हाई. एमिल बघतो म्हणालाय."

दुसऱ्याच्या शब्दावर रस्ता मोकळा मानायचा, ही त्याच्यासाठी केवढी गोष्ट होती ते मला कळत होतं. आणि तो शब्द माझा नव्हता, हेही कळत होतं. सकाळी पाचवी मोरी झाली की कर्टिस थांबायचा. लांब फाटकाशी एमिल उभा असायचा. तो हात वर करायचा आणि कर्टिस आईला फोन करायचा, "ये." एमिल खरंच बघत असेल असं मला वाटलं नव्हतं. बासष्टीचा माणूस, पाठ आखडलेली. फाटकाशी उभा राहतो, हात करतो, पोराचं समाधान होतं, असंच मी धरून चाललो होतो. माणूस स्वतःवरून जग ओळखतो.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी हात वर आला नाही.

आम्ही थांबलो. फाटकाशी कुणी नव्हतं. घराच्या धुराड्यातून धूर नव्हता. मी "बघू या थोडं" म्हणेपर्यंत कर्टिस पळत सुटला. सहावी मोरी ओलांडली, सातवी ओलांडली, एकीतही न बघता. मी मागून लंगडत गेलो तेव्हा तो एमिलच्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसला होता. एमिल खुर्चीत होता, बूट घातलेले, कोट अर्धा चढवलेला. हृदय बंद पडलं असं डॉक्टर म्हणाले. निघायच्या तयारीतच होता.

हॉलानं त्याला सगळा मान दिला. झेंडा, बिगूल, बंदुकांच्या तीन फैरी. जिवंतपणी एक खुर्ची दिली नव्हती. कर्टिस माझ्या शेजारी उभा होता. प्रत्येक फैरीच्या आधी त्यानं तोंड उघडलं आणि माझं मनगट दाबलं. मला नीट ऐकू येतं. मी तसं म्हणालो नाही.

दुसऱ्या दिवशी मला वाटलं होतं, तो आता सातीच्या साती विसरेल, एकदा पळत गेलाच आहे. पण पाचव्या मोरीपाशी त्याचे पाय अडले. तो फाटकाकडं बघत उभा राहिला. घरापाशी व्हर्नाची गाडी चालू होती, धूर दिसत होता.

"काका, आज ऱ्हाऊ दे टपाल," तो म्हणाला.

"थांब," मी म्हणालो आणि पुढं गेलो.

सहाव्या मोरीच्या उताराला मी बसून बसून उतरलो. वर पातळ बर्फ पडला होता. मोरीच्या तोंडाशी काहीतरी उंच दिसलं, म्हणून हातानं बर्फ झाडला. सूर्यफुलाच्या बियाण्याचं पोतं होतं, चौघडी करून, खाली वाळलेलं गवत भरून ठेवलेलं. गोठून कडक झालं होतं. त्यात शेजारी शेजारी दोन खळगे पडले होते, रोज त्याच जागी टेकलेल्या गुडघ्यांचे.

मी त्या खळग्यांत माझे गुडघे टेकले. फार दुखलं. वाकलो, हात जमिनीला लावले आणि बॅटरी मारून पार दुसऱ्या तोंडापर्यंत बघितलं. आत थोडा बर्फ होता आणि वाळलेलं लव्हाळं, बाकी काही नव्हतं. मग पलीकडं जाऊन तिकडूनही बघितलं. वर यायला मला बराच वेळ लागला. आलो तेव्हा डोळे पुसायचंसुद्धा भान नव्हतं. मी हात वर केला.

कर्टिसनं लगेच फोन काढला नाही. माझ्या पॅंटच्या ओल्या गुडघ्यांकडं तो बघत होता.

"आणि सातवी?" तिथून तो ओरडला.

मी सातव्या मोरीकडं गेलो. तिथंही एक पोतं होतं.